चार ओम, आठ ओम

ओउलूत जानेवारीत दुपारी तीनलाच
दुकानाबाहेरचे दिवे लागतात.
तायस्तो आत आला तेव्हा भुवयांवर बर्फ होता
आणि हातात आलेखाचा कागद:
खोलीची लांबी, रुंदी, छताची उतरण,
शेगडी कुठे, खिडकीला काचा किती पदरी,
आणि दोन खुर्च्या. त्यांच्यामधलं अंतरसुद्धा,
एकशे ऐंशी सेंटीमीटर, लाल पेन्सिलीने.

तीस वर्षं बर्फफोड्या जहाजाच्या इंजिनात काढलेला माणूस.
रिसीव्हर त्याने आधीच घेतला होता.
‘ऐंशी वॅट,’ म्हणाला,
मुलगा नोकरीला लागला हे सांगावं तसं.
ते ऐंशी दोन वाहिन्यांवर मोजलेत की सातांवर,
मी विचारलं नाही.
पहिल्याच दिवशी कशाला.

त्याचं बोट खिडकीजवळच्या जोडीकडे गेलं.
छातीइतके उंच, अक्रोडी लाकडाचे, चार ओमचे.
नाकापेक्षा मोती जड, मी म्हणाले.
‘चार म्हणजे आठाहून कमी. भार कमीच की.’

इथे सगळेच चुकतात.
ओम म्हणजे अडवणं.
जो कमी अडवतो तो जास्त ओढतो,
रिसीव्हर देत राहतो, देत राहतो, तापतो,
आणि एका रात्री ऐन सिनेमात
न सांगता बंद पडतो.

इंजिनातला माणूस, लगेच समजला.
तरी बराच वेळ कागदाकडेच पाहत राहिला.
मग म्हणाला, ‘इर्या कधी नाही म्हणत नाही.’
मी कागदाच्या कोपऱ्यात आठ लिहिलं
आणि खाली रेघ मारली.

तिला स्फोट कळतात, शब्द कळत नाहीत.
अर्ध्या सिनेमातून उठते, राईचं पीठ मळायला जाते.
हे त्याने हातमोजे घालता घालता सांगितलं,
जणू जाता जाता सुचलेलं.
म्हटलं, काढा ते हातमोजे.
तुमच्या चित्रात मधला स्पीकरच नाही.
डावा आहे, उजवा आहे, ढमढम करणारा डबा आहे,
बोलणाऱ्याला जागाच ठेवली नाहीत.
आणि तिन्ही एकाच घराण्यातले हवेत.
पात्र डावीकडून उजवीकडे चालत गेलं
तर वाटेत त्याचा आवाज परका व्हायला नको.

काय लावू, विचारलं. गाणं नको म्हणाला.
समुद्राचं हवामान लाव.
मग दुकानभर एक बाई वाचत राहिली:
बोथनियाचं आखात, उत्तर भाग,
वायव्येचा वारा, सेकंदाला अकरा मीटर,
दृश्यमानता मध्यम.
पहिल्यातून ती डब्यात बसून बोलली.
दुसऱ्यातून सर्दी झालेली.
तिसरा बुटका, काळ्या कापडाचा, एक कोपरा खरचटलेला,
आठ ओमचा, थोडक्या वॅटवरही गळा मोकळा करणारा.
तायस्तोने डोळे मिटले.
‘ही मधे श्वास घेते,’ म्हणाला.

त्याच घराण्यातली जोडी मागवून दिली.
अक्रोडी लाकडाकडे त्याने
दारातून एकदा वळून पाहिलं, एवढंच.

एप्रिलमध्ये नदीतला बर्फ सुटत होता तेव्हा पुन्हा आला.
सहा मीटर वायर हवी.
‘मागची जोडी लावताय?’
‘एकच. स्वयंपाकघरात.’
मी थांबले. तो वायरच्या रिळाशी बोलला:
‘तिथूनच ऐकते ती. उत्तरंही देते,
सिनेमातल्या लोकांना. कधी कधी रागावते.’
‘आणि तुम्ही?’
‘आवाज जरा खाली ठेवतो.
ती काय म्हणाली ते कळायला पाहिजे ना.’

खुर्च्यांचं मी विचारलं नाही.
वायर मोजली. सहा मीटर,
वर अर्धा मीटर तशीच सोडली,
कोपऱ्यांना लागते.
घरी जाऊन त्याने मोजली असणार.
दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या फटीतून
एक पाकीट आत सरकलं होतं:
अर्ध्या मीटरचे पैसे,
सुट्टी नाणी, अगदी बरोबर.