पाणी पाचव्या दिवशी

चर्चच्या मागची खोली. वर पत्रा.
एप्रिलात सकाळी नऊलाच तो तडतडायला लागतो.
खाली कारखान्यातली नापास चादर,
मोराची मान विणताना चुकलेली.
त्या वाकड्या मानेवर कोणी बसायचं
यावरून दर रविवारी भांडण.

सहा दिवस मी टॉवेल मोजते,
डझनाला एक गाठ.
सातव्या दिवशी मुलं.
आज चौदा. अबिगेलला कांजिण्या.

हात जोडा, म्हणते. डोळे मिटा.
कोण करणार प्रार्थना?
सगळे खाली बघतात,
जणू चादरीत कोणाचं नाणं हरवलंय.
मग सलोमी उठते, नेहमीसारखी,
आणि थेट पाळकसाहेबांच्या आवाजात
सांभाळ, चालव, आशीर्वादित कर,
कुठे न अडखळता, आमेनपर्यंत.

पण आज मागून ओबेद.
ओबेद उबाळे. वय आठ. पुढचा एक दात पडलेला.
"देवा, नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, ते ऱ्हाऊ दे.
पण रात्री तीनला येतं की रे.
आई बिड्या वळून बाराला झोपती.
दिवसा सोड की पाणी.
नाहीतर आईला झोप दे की.
एवढंच. बाकीचं तू बघ. आमेन."

खोली फुटली हसून.
सलोमी म्हणाली, बाई, ह्यानं देवाला रे म्हटलं!
आणि चौदा तोंडं माझ्याकडे वळली.

जिभेवर तयारच होतं माझ्या:
असं नाही बाळ, नीट म्हणावं.
हे वाक्य माझं नव्हतं.
मी सात वर्षांची असताना
एका बाईंनी ते मला दिलं होतं,
आमच्या शेळीचा पाय मोडला तेव्हा.
"देवाला शेळ्यांची नावं सांगायची नसतात."
तेव्हापासून माझी प्रार्थना
इस्त्री केलेल्या गणवेशासारखी,
घडीची, स्वच्छ, दुसऱ्या कोणाच्या तरी मापाची.
हे सिव्हिलमध्ये होते त्या रात्रीसुद्धा
मी पुस्तकात प्रार्थना शोधत बसले.
पान सापडेपर्यंत उजाडलं होतं,
आणि कोणाला उठवायचं राहिलं नव्हतं.

मी आमेन म्हटलं. फक्त आमेन.
पण इतकं मोठ्यानं
की सायमनपंच दारात आले.
"मुलांना वळण हवं, बाई.
नाताळात वचनं म्हणायची आहेत त्यांना."
हो, म्हटलं. नाताळ आठ महिन्यांवर होता.

गुरुवारी पाणी आलं.
तीनलाच.
गल्लीभर मोटारींची घरघर, घागरींचा खणखणाट,
कोणीतरी कोणाच्या तरी पाइपावरून
आई-बाप काढत होतं.
मी हौदाशी उभी, आणि मनात तो पोरगा.
त्याचं कसं झालं असेल, या विचाराने
बादली दोनदा वाहून गेली.

रविवारी तो उशिरा आला, केस ओले.
"बाई, तीनलाच आलं.
पण मला लघवीला जाग आली.
मग मीच भरलं. घागरी, बॅरल, तांब्यासुद्धा.
आई घोरत होती.
सकाळी मला एक धपाटा बसला,
अंगणात चिखल केला म्हणून.
मग तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं."

सलोमीनं विचारलं,
मग देवानं काय केलं?
ओबेदनं दाताच्या फटीत जीभ घातली.
बराच वेळ विचार केला.
"काय की," तो म्हणाला.
"बॅरल लै जड होतं. सरकलं पण."

त्या दिवशी हात वर झाले. पाच.
एक मांजराच्या पिल्लासाठी.
एक भागाकारासाठी.
एकानं बापाच्या पगाराची तारीख सांगितली देवाला,
दोनदा, विसरू नये म्हणून.
सलोमी शेवटी. तिच्या स्वतःच्या आवाजात,
तो इतका बारीक असेल असं वाटलं नव्हतं.
मध्येच अडली. तशीच बसली खाली.
चाललं.

बाई, आता तुम्ही, ओबेद म्हणाला.

मी डोळे मिटले.
पत्रा तडतडत होता.
घड्या घातलेलं काहीच सापडेना.
देवा रे, म्हटलं,
टिकली नावाची एक शेळी होती.