दहापेक्षा कमी

ड्राय फोर्क शाळा-जिल्ह्याचा पट : एकशे सात.
बालवाडी ते बारावी, सगळे एकाच छपराखाली.
मागच्या ऑक्टोबरात एकशे अकरा होता.
चौघं कुठं गेली ते मला ठाऊक आहे,
पण तक्त्यात ‘कुठं’ नावाचा रकाना नाही.

मी इथली कारकून. फोन, हजेरी, घोळणा फुटला तर बर्फ,
आणि लायल आजारी पडला की तीन नंबरची बस.
तेवीस वर्षं.
दर वर्षी राजधानीतून हा तक्ता येतो
आणि मी त्यात पोरं भरते,
आई बरणीत काकड्या भरायची तशी :
दाबून, झाकण बसेपर्यंत.

बारावी पूर्ण : त्र्याऐंशी टक्के.
साप्ताहिकानं मथळा दिला, ‘घसरण’.
वर्गात होते सहा. घसरला तो एकटा वेड ऑस्टरलो.
फेब्रुवारीत बापाचा हात धान्य चढवायच्या यंत्रात गेला,
आणि अडीचशे गायी विण्याच्या बेतात.
सतरा टक्के तो, साडेसहा फूट उंच.
पेट्रोलपंपावर दिसला की अजून टोपी काढतो,
आणि मी उगाच पाकिटात काहीतरी शोधते.

गणित : राज्याच्या सरासरीखाली.
गणिताला मास्तर नाही, दुसरं वर्ष.
पडद्यावरच्या बाई दोनशे मैलांवरून शिकवतात,
वारा सुटला की त्यांचा चेहरा चौकोन-चौकोन होतो
आणि क्षचं उत्तर चौकोनांतच राहतं.
व्हिटेकरांच्या धाकट्यानं कोठारात किती मका मावेल
ते बोटांवर काढून दाखवलं. बरोबर निघालं.
बोटांना गुण नसतात.

हजेरी : बरी.
फुटबॉल : सहा जणांचा, त्यात दोन मुली.
सवलतीचं जेवण : अर्ध्याहून जास्त, आणि अर्ज न भरणारे
अभिमानी धरले तर
जाऊ दे.

जिथं दहापेक्षा कमी मुलं, तिथं आकडा छापत नाहीत.
खासगीपणासाठी, असं तळटीप म्हणते.
तिथं चांदणी छापतात.
खासगीपणा! ड्राय फोर्कमध्ये!
जिथं रात्री कुणाच्या गोठ्यात दिवा आहे
यावरून वासरू आडवं आलंय हे गावाला कळतं.
आमच्या तक्त्यात चांदण्याच चांदण्या.
राजधानीत कुणाला वाटेल,
या बाईनं आकडे विसरून
इथली रात्रच भरून पाठवली.

इंग्रजी शिकणारे : चांदणी.
म्हणजे एउलालिया पेद्रो, तिसरी, आणि तिचा भाऊ मातेओ, पहिली.
डेअरीच्या मागच्या ट्रेलरमध्ये राहतात.
आई पहाटे तीनला धारा काढायला जाते,
म्हणून भावाची वेणी-फणी, म्हणजे टोपी-मोजे, हिच्याकडे.
घरची भाषा? यादीत स्पॅनिश होती.
ही ग्वातेमालाच्या डोंगरातली कान्होबाल बोलते.
मी ‘इतर’वर बोट ठेवलं.
संगणकानं विचारलं : नक्की?

गुरुवारी बोर्डाची बैठक आहे.
पट शंभराखाली गेला तर शाळा बत्तीस मैलांवरच्या गावात विलीन.
मी मोजते : लुंडग्रेनची जुळी मार्चमध्ये जाणार,
पवनचक्कीवाल्याची तीन, काम संपलं की.
मेरिसाच्या पोटात एक आहे,
पण ते पाच वर्षांनी कामाला येईल.

काल जेवणाच्या सुट्टीत एउलालिया आली,
पडलेला दात पाकिटात ठेवायला.
पडद्याकडे बघून म्हणाली, ही चांदणी कशाची?
मला खोटं सुचलं नाही.
म्हटलं, तुझी. मातेओची पण.

तिनं पान खालपर्यंत मोजलं, ओठ हलवत,
कुठल्या भाषेत ते मला कळलं नाही.
चौदा, म्हणाली.
मग जीभ दाताच्या रिकाम्या जागेत घालून विचारलं,
बाकीच्या कुठल्या बसनं येतात?