नांगर धरला का

द्वादशी होती. तिथीची पाऊणपट, म्हणजे नऊ.
नऊला पाणी भरेल, मग सुकती.
मोराबंदरच्या पुढ्यात, तिवरांपासून जरा लांब,
गुलबाईंनी इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, सोड.
चार वाव पाणी. साखळी खडखडत गेली
आणि त्या आवाजानंतर
बेटावरचा एक कुत्रा तेवढा भुंकला.

शेवटची लाँच पर्यटकांना घेऊन केव्हाच गेलेली.
लेणी डोंगरापलीकडे, मुंबईही डोंगरापलीकडेच;
तिचा फक्त उजेड,
पिठल्याच्या रंगाचा, माथ्यावरून उतू आलेला.

धरला का?
मी साखळीवर तळवा ठेवला.
चिखलात फरफटणारा नांगर हाताला कळतो,
भिंतीपलीकडे कोणी खुर्ची ओढावी तसा.
काही नव्हतं. धरला, म्हणालो.

आमच्याकडे दोन्ही नांगरच.
आजोबांचा खारजमिनीत रुतला
की बैलांना, चिखलाला, बांधावरच्या शेजाऱ्याला शिव्या.
माझा रुतावा म्हणून मला पगार.
ते शेत समोरच होतं, न्हाव्याच्या अंगाला.
आता तिथे क्रेन, रात्रभर जाग्या,
डबे उचलतात, डबे ठेवतात.

गुलबाईंनी डब्यातले भाकरा काढले,
गवती चहा-पुदिन्याचा वास डेकभर झाला.
नऊला सगळं थांबलं. पाणी ना आत, ना बाहेर.
मग बोट आपोआप वळली,
जशी झोपेत कूस बदलतात.
नाळेसमोरचा डोंगर मागे गेला
आणि सुकाणूला कोणी हातही लावला नव्हता.
मी नवी खूण धरली:
तिसऱ्या क्रेनचा लाल दिवा
आणि पाण्यातला जाळ्याचा खुंट, एका रेषेत.
रेष आहे तोवर आपण जागेवर आहोत.
म्हणजे आमचा बांध अजून उपयोगी पडतो,
हे मी कोणाला बोललो नाही.

धरला का? केबिनमधून, दहाला. अकराला परत.
धरला, बाई.

बाराला सुकती जोरात आली.
दिवा खुंटाच्या उजवीकडे सरकला. एक बोट.
मग दोन.
तळव्याखाली कोणीतरी खुर्ची ओढत होतं.
धरला का?
धरला, मी म्हणालो,
आणि अनवाणी नाळेवर जाऊन
एकेक कडी सोडू लागलो, गोणपाटावरून,
वाजू नये म्हणून.
खाली अंधारात फाळ कुठेतरी वळला.
बोट अडखळली, नाक किंचित वाकवून उभी राहिली.
दिवा तीन बोटं उजवीकडे. तासभर बघितला.
तीनच.

पहाटेला तिवरांची मुळं उघडी पडली,
चिखलात बारीक टकटक, खेकडे असावेत.
मला झोप आली नाही, आली असती तरी घेतली नसती.

सकाळी कपातून नजर न काढता गुलबाई म्हणाल्या,
किती सोडलीस?
काय?
साखळी. छत्तीस कड्यांपर्यंत मी मोजली, मग डोळा लागला.
मी गप्प.
केकीपण असाच, त्या म्हणाल्या. तीस वर्षं विचारलं,
तीस वर्षं धरला म्हणाला.
एकदा तर करंजाच्या खडकाजवळ पोचलो आम्ही,
नि हा मला सांगतो, धरला.

त्यांनी भाकरा चहात बुडवला, फार वेळ.
तुकडा तुटून आत पडला तो चमच्याने काढला.

नांगर वर आला तेव्हा फाळाला
वीतभर काळा चिखल, एक फुटका शिंपला
आणि निळ्या जाळ्याची दोन गाठी असलेली दोरी.
मी बादली उचलली.
राहू दे, त्या म्हणाल्या, आणि चाकाकडे गेल्या.
थोडा चिखल मी दोन बोटांत चोळून बघितला.
गुळगुळीत, खडा नाही.
भात आला असता.