रात्रपाळी

दीड वाजता पहिल्यांदा.
त्याआधी छातीत धोटा निसटला,
बापाच्या मागावरचा, गोळीबार चौकातल्या खोलीतला.
खटक-खट, खटक-खट, आणि मध्येच
नवशिक्या पोऱ्याने मागावर बसावं तसं
खट्, काहीच नाही, खट्खट्खट्.
अंधारात दोन बोटं मनगटावर ठेवून पडलो.
मोजता येत नाही. अंक सांडतात.

मग लघवी.
साठी उलटलेल्या माणसाला थेंबाथेंबाची सवय झालेली,
ही तर बिनरंगाची, बिनवासाची,
नळाला लाज वाटावी अशी धार.
पावणेदोन. दोन दहा. अडीचच्या आत परत.
मे महिना, अंगणातली फरशी अजून कोमट,
कूलरचं पाणी संपून पंप कोरडा खरखरतोय.
घरातल्या सगळ्या पाण्याने माझाच रस्ता धरलेला.
दिवसभरात ताकाचे दोन पेले, पन्हं एक.
एवढं मी प्यालोच कधी?

शेजारचे निमजे म्हणाले, शुगर.
साडूने प्रोस्टेटवर बोट ठेवलं.
शुगर शंभराच्या आत निघाली,
प्रोस्टेटही वयाला शोभेल एवढंच.
धडधडीचं मी कुणाला बोललो नव्हतो,
आणि धडधडीच्या डॉक्टरला लघवीचं कोण सांगणार?
दोन वेगळ्या खिडक्यांवरच्या तक्रारी त्या.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाई माझ्या पोरीच्या वयाच्या.
कागदी पट्टीवर वाकल्या,
कोंबडीने उकरल्यासारख्या त्या रेघांवर,
आणि मान वर न करताच म्हणाल्या,
"काका, धडधडलं की लघवीला पळावं लागतं का?"
कस्तुरा माझ्याकडे बघतच राहिली,
जणू बाईंनी आमच्या न्हाणीची कडी वाजवली.

मग त्यांनी सांगितलं.
वरचे कप्पे नुसतेच थरथरतात,
रक्त तुंबतं, भिंत ताणली जाते,
हृदयाला वाटतं, अंगात पाणी फार झालं.
ते मूत्रपिंडांना निरोप धाडतं : सोडा.
पाणी फार झालेलं नसतं.

मी हसलो. दोघी दचकल्या.

एकतीस वर्षं मी कॉर्पोरेशनचा व्हॉल्व्हमन.
सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, अशाच रात्री,
टाकीचा काटा 'पूर्ण'वर अडकून बसलेला.
मी बॅटरी मारून पाहिलं, टाकी उतू जाणार.
चावी लावली, बावीस आटे फिरवले,
अर्धी टाकी नाल्यात सोडून दिली.
सकाळी रिकामे गुंड घेऊन बाया आल्या,
माझ्या आईच्या नावाने बोटं मोडत.
साहेब म्हणाला, "वर चढून पाह्यलं कावून नाही बे?"
काय सांगू? काटा सांगत होता ना, साहेब.

आता त्याला मी कोणत्या तोंडाने रागावू.
तोही बिचारा काट्यावर विसंबलेला,
आणि त्याची टाकी आतच,
वर चढून पाहणारं कोणी नाही.

रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली.
दाढी करताना जपायचं, पडायचं नाही,
रात्री न्हाणीतला दिवा चालूच ठेवायचा.
कस्तुरा दूधवाल्याच्या वहीत, मागच्या पानावर
रेघा ओढते. चार उभ्या, पाचवी आडवी.
"कितवी?" झोपेतच विचारते.
"सातवी."
"झूठ नोका बोलू. पलंग आठदा वाजला."

थांबतं कधी, ते मात्र कळत नाही.
धोटा सुटताना कळतो, परत बसताना नाही.
साडेचारला नळात आधी हवा येते,
खोकते, थुंकते, मग धार.
कस्तुरा उठून गुंड लावते.
मी खाटेच्या कडेला, बोटं मनगटावर.
खटक-खट. खटक-खट.
जीभ टाळूला चिकटलेली.

"पाणी पिऊ का?"
परक्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं
माझ्याच तोंडून निघतं.
ती गुंडातून पेला बुडवून काढते,
थोडं परत ओतते, पुन्हा थोडं घेते,
आणि उजेडाकडे धरून बघत बसते
अर्धा नेमका कुठे होतो ते.