पाण्यानंतर

गेटवर शेडबाळेंनी वहीत तिचं नाव लिहिलं : उपेंद्र.
ती हसली. उपेंडो, म्हणाली. म्हणजे माया.
शेडबाळेंनी खाडाखोड केली नाही,
"असू दे की, एका अक्षरानं काय होतंय."

आम्ही तिला दाखवणार होतो
बारा फुटी ऊस, मोबाईलवर चालू होणारं ठिबक,
गुऱ्हाळ.
तिनं काकवी बोटानं चाखली, चांगलीय म्हणाली,
आणि विचारलं, मेलेली जमीन कुठाय?

शिरोळच्या रस्त्याला लागेपर्यंत जीपमध्ये कुणी बोललं नाही.
पाहुण्याला आपण अडगळीची खोली दाखवत नसतो.

पायगोंडा आण्णा बांधावर उभे.
समोर तीन एकर मीठफुटी.
ते खाली बसले, चिमूटभर पांढरं जिभेवर ठेवलं.
मग तिनंही.
मी चौदा वर्षं माती तपासते :
सामू, क्षारता, सही, शिक्का.
जिभेला कधी लावली नव्हती.

"पाणी पाजलं," आण्णा म्हणाले, "मागंल तेवढं.
मागत नव्हती तवाबी."
भाषांतर करताना मी अडखळले.

तिचं गाव डोडोमाकडं, टांझानियात.
आई कोपरभर खोल खड्डे खणते, शेकड्यांनी.
खड्ड्यात ओंजळभर शेण, चार दाणे ज्वारी,
पडेल ती सर तिथंच मुरते.
आता त्या गावाला कालवा येणार आहे.
"पाण्याआधीचं आम्हाला येतं," ती म्हणाली,
"पाण्यानंतरचं बघायचं होतं."

आण्णांनी ओढ्याकडं नेलं.
जमिनीखालून आलेला भोकाभोकांचा पाईप
थेंब थेंब खारं सोडत होता.
"तिसरं वरीस. त्या कोपऱ्यात औंदा गहू आला.
लई न्हाई. पोतंभर."
तिनं खोली लिहिली, उतार लिहिला. खर्च दोनदा विचारला.
"एकट्याचं काम न्हवं," आण्णा म्हणाले,
"खालच्या रानवाल्यानं वाट दिली पायजे.
त्याला मनवायलाच चार वर्सं गेली."
हे मात्र तिला भाषांतराआधीच कळलं.

काकींनी नाचण्याची आंबील आणली.
एक घोट, आणि ती थांबली. उलेझी!
आमच्याकडं याला उलेझी म्हणतात,
लेकरू वाढवण्यालाही तोच शब्द.
काकी म्हणाल्या, "बरोबर हाय की मग,"
आणि वाटी पुन्हा भरली.

विमानातून माती नेता येत नाही.
आईला काय सांगशील, मी विचारलं.
"कालवा आला तरी खड्डे बुजवू नको."

संध्याकाळी गेटवरची वही.
जाण्याची वेळ, सहा दहा.
येण्याचं कारण या रकान्यात
शेडबाळेंनी सकाळीच लिहून ठेवलेलं :
ऊस पाहणे.