इतर कारण

डिसेंबर. उत्सयोकीत सूर्य उगवायचा बंद झालाय,
स्क्रीनवर मात्र महिना भरत आला.
नवं खातं विचारतं, घर क्रमांक? अनिवार्य.
आमच्या घरांना नंबर नाहीत,
नदी वळते तिथलं तिसरं धुराडं, एवढाच पत्ता.
मी सात लिहिलं. चाललं.
देश, चलन, कर क्रमांक, कार्ड.

आधीचं कार्ड ऊलाचं होतं.
ऑक्टोबरात त्याची मुदत संपली
आणि दोन दिवस आमचे सगळे रेनडिअर
नकाशावरून गेले.
होते तिथेच, बर्फाखालचं दगडफूल उकरत,
पण ऊला रात्रभर खिडकीशी बसून राहिला,
स्वतःच विकून आल्यासारखा.

प्रत्येक गळ्यात पट्टा.
पट्टा दर दहा मिनिटांनी सांगतो: मी इथे आहे.
ते ऐकून घेण्याचे पैसे पडतात,
जपून ठेवण्याचे वेगळे,
आणि काल कुठे होतास विचारलं तर
त्याचेही.

शरदातल्या सभेत ठरलं, ज्याचं त्याने भरावं.
ठरवलं तरुणांनी. हिशेब माझ्याकडे.
मी पट्ट्यापट्ट्याला मालकाचं लेबल लावलं,
निम्मा खर्च झाला की मेल, नव्वद टक्क्यांना पुन्हा मेल,
मग अहवाल काढला: रंगीत खांब,
ऊलाचा निळा, आन्नेचा पिवळा,
नीलासचा, तळाशी, तपकिरी.
प्रिंटरचं बटण दाबायला गेलेलं बोट
तसंच राहिलं.

इथे कोणी कोणाला विचारत नाही
तुझ्याकडे किती.
पर्यटक विचारतात. त्यांना सांगतो,
झाडाच्या अलीकडे थोडे, पलीकडे थोडे.
बिलाला कुठली आलीय रीतभात?
ते विचारत नाही, मोजतं.

म्हणून पाकिटं. एकेकाचा आकडा आत, तोंड चिकटवलेलं.
झाकली मूठ.
पण भागाकार सगळ्यांनाच येतो,
आणि साउनात बसलं की माणसं बोलतात.

नीलासचे पट्टे चौदा.
आठ नदीकाठी भटकतात, एक लंगडत असावा.
सहा हलत नाहीत.
मेले म्हणावं, तर बाहेर उणे एकतीस
आणि हे सहाही उणे चार,
आठवडे झाले, उणे चारच.
बोटीच्या शेडमध्ये खिळ्यावर टांगलेले असणार.
नीलासची बोट, नीलासचा खिळा,
आणि दर दहा मिनिटांनी तो अंधार
आकाशाला सहा वेळा सांगतो:
मी इथे आहे.

खात्याला शिफारशी करायची हौस.
आज वरच पिवळी चौकट:
सहा निष्क्रिय उपकरणं. बंद केल्यास
वर्षाकाठी एकशे बारा युरोंची बचत.
शेजारी बटण. सोपं, हिरवं.

नीलासला गेल्या उन्हाळ्यात
चार जनावरं विकावी लागली, दोन रस्त्यावर गेली.
हे मला कोणी सांगितलेलं नाही.

मी ‘नको’ दाबलं.
खातं म्हणालं, कारण निवडा.
खर्च मान्य आहे. नंतर बघू. शिफारस चुकीची आहे.
इतर.
इतर दाबलं तर एक रिकामी चौकट उघडते,
ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
कॉफी थंड होईपर्यंत बघत बसले.
मग लिहिलं: कामावर आहेत.

जानेवारीत, दुपारी, दक्षिणेकडे जरा लाली आली होती,
नीलास पैसे घेऊन आला, रोख,
नोटा मोजून, वर काही नाणी.
दुकानात आन्ने होती, ऊला होता, दोघं-तिघं अजून.
“फारच येतं गं बिल,” तो म्हणाला,
गरजेपेक्षा मोठ्याने.

मी पावती फाडली.
“कळप मोठा की बिल मोठं,” म्हटलं,
मीही, गरजेपेक्षा मोठ्याने.