उद्गारचिन्ह

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, रात्रीचे दोन चाळीस.
बंदरातल्या कंटेनरांचं भाडं मोजणारा प्रोग्राम
पुन्हा फुगलाय.
चौसष्ट जीबी गिळून बसलाय
आणि बेरीज एकाचीही नाही.
न्हावाशेव्याहून पेडणेकरांचा तिसरा फोन:
मॅडम, गेटवर ट्रक उभे आहेत, आकडा द्या.

नौशीर दुबाशांनी लिहिला हा, अकरा वर्षांपूर्वी,
अशा भाषेत, जिच्यात एकदा दिलेली किंमत
मागाहून कुणाला गुपचूप बदलता येत नाही.
"जुन्या पेढीची वही पाहिलीस?" मुलाखतीत म्हणाले होते,
"खाडाखोड नाही. चुकलं तर खाली नवी ओळ."

खोटं नव्हतं ते.
जूनमध्ये दराचा नियम बदलला,
मी एका टाइपात एक फांदी वाढवली
आणि कंपायलर सत्तेचाळीस दारांशी जाऊन आला
जनगणनेच्या मास्तरांसारखा:
इथे राहिलं. इथेही राहिलं.
त्या रात्री मी नऊ तास झोपले.

पण भाषा आळशी.
शिवी नाही ही, तसा तिचा स्वभावच आहे.
तीनात पाच मिळव म्हटलं तर मिळवत नाही,
चिठ्ठी लिहून ठेवते: मिळवायचे आहेत.
त्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी.
नव्वद लाख नोंदींच्या नव्वद लाख चिठ्ठ्या
एकमेकींना टाचलेल्या,
तळाशी तोच पहिला तीन, दबून.
मेमरीचा आलेख मलबार हिल चढतो
आणि उतरायचं नाव घेत नाही.

पहाटे सव्वातीनला ती ओळ सापडली.
तेराशे अठरावी.
तिच्या डोक्यावर त्यांची टीप, मराठीत:
"येथे घाई करू नये. – नौ. दु."

तेव्हा नोंदी असतील चार हजार.
बरोबरच होतं त्यांचं.

'एकूण'च्या आधी मी एक उद्गारचिन्ह ठेवलं.
एकच.
म्हणजे: आत्ता मोज. चिठ्ठी नको.

आलेख शिवडीच्या चिखलासारखा सपाट पडला.
चार मिनिटांत आकडा.
पेडणेकर फोनवर काही बोलले नाहीत,
मागे एक डिझेल इंजिन खोकून सुरू झालेलं ऐकू आलं.

त्यांची टीप खोडली नाही.
खाली नवी ओळ लिहिली:
"आता करावी. नोंदी वाढल्या. – शलाका घैसास"
आणि तारीख,
हे चिन्ह इथे का, असं कुणी तरी विचारणारच.

दुबाशांना कळवायला हवं.
त्यांना हसू येईल.
नंबर काढला, वेळ पाहिली,
म्हटलं, उद्या करू.

दिवाळीतही असंच म्हटलं होतं.